टो पुन्हा पुन्हा बिघडतोय? मुलांच्या गो-कार्टच्या टाय रॉडला हात शेवटी लावा

रविवारी टाय रॉड (स्टिअरिंगपासून पुढच्या चाकापर्यंत जाणारी दांडी) फिरवून पुढची चाकं सरळ केली. पुढच्या रविवारी कार्ट पुन्हा डावीकडे ओढायला लागली. पुन्हा पाना, पुन्हा अर्धा आटा, पुन्हा तेच. अशा कार्टमध्ये कुठेतरी काहीतरी ढिलं आहे, झिजलंय किंवा वाकलंय, आणि दर वेळी टाय रॉड फिरवून ते झाकलं जातंय. टो, म्हणजे वरून बघताना पुढची दोन चाकं पुढच्या टोकाला एकमेकांकडे किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप, हा स्टिअरिंगच्या हिशेबाचा शेवटचा आकडा. वरच्या आकड्यांत चूक असेल तर शेवटचा कितीही वेळा खोडून लिहा, बेरीज जुळत नाही.

खालचं सगळं लहान मुलांच्या चारचाकी कार्टसाठी आहे : पाइपची चौकट, सस्पेन्शन नाही, मागचा अ‍ॅक्सल अखंड, डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही. मग ती सेकंडहँड घेतलेली रेसिंगची कॅडेट कार्ट असो (तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण ९५० मिमी असतो), नाहीतर फॅब्रिकेशनवाल्याकडून स्कूटीचं इंजिन टाकून बनवून घेतलेली. पॅडलवाल्या कार्टलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

लक्षणं : आधी नेमकं काय होतंय ते ठरवा

कार्ट एका बाजूला ओढते. पण कधी? नुसती ढकलल्यावर, रेस दिल्यावर की ब्रेक मारल्यावर? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

स्टिअरिंग जड आहे, मुलाचे खांदे भरून येतात.

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येत नाही, हाताने ओढून आणावं लागतं.

स्टिअरिंग फिरवलं तरी कार्ट सरळच घसटत जाते, पुढचे टायर करकरतात.

सरळ जाताना पुढची चाकं थरथरतात.

डावीकडे छान वळते, उजवीकडे वळायला दुप्पट जागा लागते.

पुढच्या टायरच्या आतल्या किंवा बाहेरच्या कडेला करवतीसारखी झीज दिसते. हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर बोटाला टोचतं.

तपासताना मूल सीटवर नको. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. मुलाच्या वजनाची तांदळाची गोणी सीटवर ठेवा, २५ किलोची सहज मिळते, कमी पडलं तर वर पाण्याच्या बाटल्या. चौकट वजनाने थोडी वाकते आणि त्याबरोबर टोही मिलिमीटरभर बदलतो, म्हणून रिकाम्या कार्टवर घेतलेलं माप मूल बसल्यावर खरं राहत नाही.

फुकटातली पहिली परीक्षा : ढकलून बघा

सपाट फरशीवर किंवा कोब्यावर स्टिअरिंग सोडून कार्ट हळू ढकला. मग तीच कार्ट उलट दिशेला तोंड करून त्याच जागेवर ढकला. दोन्ही वेळा ती पार्किंगच्या त्याच भिंतीकडे गेली, तर जमिनीला उतार आहे आणि कार्ट निर्दोष आहे. दोन्ही वेळा स्वतःच्या डावीकडे गेली तरच पुढे वाचा.

ढकलताना सरळ जाते पण रेस दिली की ओढते, असं असेल तर पुढच्या भूमितीचा काही संबंध नाही. काही घरगुती कार्टमध्ये मागचा आस अखंड नसतो, दोनांपैकी एकाच चाकाला चेन लागलेली असते. डावं चाक ढकलतंय तर कार्ट उजवीकडे जाणारच. ब्रेक एकाच चाकावर असेल तर ब्रेक मारताना ती त्याच बाजूला ओढेल. हे दोन्ही बनावटीचे दोष आहेत, टाय रॉड फिरवून जात नाहीत. फार तर एका वेळी झाकले जातात आणि दुसऱ्या वेळी दुप्पट होऊन दिसतात.

हवा आणि टायरचा घेर

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण. कार्टचे छोटे टायर साधारण १० ते २० पीएसआयवर चालतात, कमाल आकडा टायरच्या भिंतीवर छापलेला असतो. पेट्रोल पंपावरचा गेज गाड्यांच्या ३० पीएसआयच्या आसपासच्या कामाचा. १२ आणि १५ मधला फरक त्यावर भरवशाने कळत नाही. कमी दाबाचा साधा पेन गेज घ्या आणि टायर थंड असताना मोजा. डाव्या-उजव्या टायरमध्ये एक पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

मग शिंप्याची टेप घेऊन चारही टायरचा घेर मोजा. मागच्या जोडीकडे जास्त लक्ष द्या. अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे दोन्ही चाकं सारखेच फेरे घेतात. उजव्या टायरचा घेर १० मिमीने मोठा असेल तर तो प्रत्येक फेऱ्याला १० मिमी जास्त अंतर कापतो आणि कार्ट सतत डावीकडे, म्हणजे लहान टायरच्या बाजूला, वळत राहते. एक जुना आणि एक नवा टायर घातलेल्या कार्टवर टो सेट करत बसणं म्हणजे पाय लहान असलेल्या टेबलाचा वरचा फळा रंधून सपाट करणं.

ढिलेपणा : कुठला सांधा हलतोय

पुढची बाजू विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचला. एकाने स्टिअरिंग हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवायचं, इतकंच की चाकं हलू नयेत. दुसऱ्याने बोटं एकेका सांध्यावर ठेवत जायचं : स्टिअरिंग व्हीलचा हब, कॉलमचा (व्हीलखालच्या दांड्याचा) वरचा नायलॉन बुश, खालचा बेअरिंग, कॉलमच्या खालच्या टोकाची पिटमन प्लेट, टाय रॉडचे चार रॉड एंड (टोकाचे गोळ्याचे सांधे), शेवटी किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन). डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला लगेच कळतो, टक् टक् लागतं. स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर मोकळी हालचाल ५-६ मिमीपर्यंत चालते, १० च्या पुढे गेली की तो सांधा शोधलाच पाहिजे.

आता चाक घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ दिसला तर फट कुठे उघडते ते बघा. स्टब अ‍ॅक्सल (पुढचं चाक ज्यावर बसतं तो छोटा आस) आणि सी-ब्रॅकेट (किंगपिन धरणारा चौकटीचा भाग) यांच्या मध्ये उघडली तर किंगपिनचा बुश गेलाय. रिम हलते पण स्टब हलत नाही, तर चाकाचं बेअरिंग. मग ९ आणि ३ वर धरा. इथेच खेळ असेल तर रॉड एंड.

किंगपिनचा नट आवळताना लोक चुकतात. बुशवाल्या किंगपिनला प्ले जाईपर्यंतच आवळायचं, चाक हवेत असताना स्टब बोटाने सहज फिरला पाहिजे. कचकून आवळलं तर प्ले जातो खरा, पण स्टिअरिंग जड होतं आणि परत येत नाही. मग तेच जडपण घालवायला लोक कॅस्टरशी (किंगपिनच्या मागे झुकण्याशी) खेळतात. म्हणून इथे नायलॉक नट हवा, तो अर्धवट आवळलेल्या जागीही टिकतो. हाताने सहज फिरणारा जुना नायलॉक पुन्हा वापरू नका, त्यातलं नायलॉन संपलेलं असतं.

रॉड एंडमध्ये बघायच्या तीन गोष्टी आहेत. चेकनट (रॉड एंड जागेवर पक्का धरणारा नट) घट्ट आहे का. आत गेलेले आटे पुरेसे आहेत का : ८ मिमीच्या रॉड एंडचे निदान १२ मिमी आटे रॉडच्या आत हवेत. आणि गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला गोळ्यापेक्षा मोठा वॉशर आहे का. हा वॉशर घरगुती कार्टमध्ये जवळजवळ कधीच नसतो. रॉड एंड झिजून गोळा निसटला तर टाय रॉड बोल्टवरून उतरू न देणारी तीच एक गोष्ट आहे. दहा रुपयांचा वॉशर, न विसरता घाला. बोल्ट डोक्यावर ८.८ छापलेलेच घ्या, ग्रिलच्या दुकानातले साधे बोल्ट स्टिअरिंगला चालत नाहीत.

हवेत हलकं, जमिनीवर जड?

स्टिअरिंग जड असल्याची तक्रार असेल तर पुढची बाजू उचललेली आहे तोवरच ही परीक्षा करून घ्या. चाकं हवेत असताना स्टिअरिंग एका बोटाने टोकापासून टोकापर्यंत फिरलं पाहिजे. अडत असेल तर घर्षण यांत्रिक आहे : किंगपिन जास्त आवळलेली, कॉलमचा बुश कोरडा, कॉलम वाकलेला, नाहीतर रॉड एंड तिरका बसून वळणाच्या टोकाला ब्रॅकेटवर आपटतोय. टाय रॉडची एकेक बाजू सोडत जा. जे सोडल्यावर अडणं थांबलं, दोष तिथे.

हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर हवा कमी, टो खूप, कॅस्टर खूप, किंवा चाक किंगपिनपासून फार बाहेर. शेवटचं कारण घरगुती कार्टमध्ये हटकून असतं. रुंद टायर शोभून दिसावा म्हणून स्टबवर स्पेसर घालून चाक बाहेर काढलेलं असतं. किंगपिनची रेषा जमिनीला टेकते तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर जितकं जास्त तितकी मुलाच्या हाताशी चाकाची झोंबाझोंबी जास्त, आणि प्रत्येक खड्ड्याचा हिसका थेट मनगटाला. स्पेसर चाकाच्या आतल्या बाजूचे काढून बाहेरच्या बाजूला घाला, चाक आत येईल. टायर ब्रॅकेटला किंवा टाय रॉडला घासत नाही हे दोन्ही टोकांना वळवून बघा.

टाय रॉड : आटे मोजा, मग लोळवा

दोन्ही टाय रॉडच्या टोकांना बाहेर दिसणारे आटे मोजा. पिटमन मध्यावर असलेल्या कार्टमध्ये डावी-उजवी संख्या एखाद्या आट्याच्या फरकाने सारखी असते. डावीकडे ३ आणि उजवीकडे ९ दिसले, की समजा कुणीतरी वाकलेला भाग टाय रॉडने भरून काढलाय. सेकंडहँड कार्ट घेताना हे आटे मोजायला अर्धं मिनिट लागतं आणि विकणारा जे सांगत नाही ते कळतं.

मग रॉड काढून स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवा. खालून उजेडाची फट दिसली, रॉड उड्या मारत गेला, तर तो वाकलाय. नवा घाला. अ‍ॅल्युमिनियमचा रॉड सरळ केला की वाकलेल्या जागी कमकुवत होतो आणि पुढच्या धक्क्याला तिथेच वाकतो किंवा तुटतो. लोखंडी असेल तर लेथवाला तासाभरात तेवढ्याच लांबीचा नवा करून देतो. एका टोकाला उलटे आटे पाडून घ्यायला सांगा, म्हणजे रॉड न काढता लांबी बदलता येते.

पिटमन आणि उलटं वळणारं स्टिअरिंग

कॉलमच्या खालच्या टोकाची प्लेट म्हणजे पिटमन. स्टिअरिंग व्हील सरळ धरून जुन्या सायकल ट्यूबने सीटला बांधा आणि पिटमनच्या मध्यावरून ओळंबा सोडा. तो चौकटीच्या मध्यरेषेवर पडायला हवा. पिटमन मध्यावर नसेल तर कार्ट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते, मग दोन टाय रॉड कितीही जुळवा. इलाज हबवर आहे : व्हील सोडून योग्य भोकात बसवणं, किंवा हब वेल्ड केलेला असेल तर तो कापून पुन्हा लावून घेणं.

कॉलमच्या खाली लोंबणारा पिटमन असेल तर स्टबचे हात (टाय रॉड ज्यांना जोडलेले असतात ते) किंगपिनच्या मागे असले पाहिजेत. पिटमन कॉलमच्या वर असेल तर हात पुढे. हे उलटसुलट झालं तर उजवीकडे फिरवल्यावर कार्ट डावीकडे जाते. डावा-उजवा स्टब अदलाबदल झाल्यावर नेमकं हेच होतं.

वळणाच्या टोकाला एक फार वाईट गोष्ट घडू शकते. टाय रॉड आणि स्टबचा हात यांच्यातला कोन उघडत उघडत दोन्ही जवळजवळ एका सरळ रेषेत आले, की स्टिअरिंग तिथे अडकतं किंवा पलटी खाऊन उलट्या बाजूला जातं. वेगात वळताना मूल ते परत आणू शकत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन हा कोन मोजा. १५० अंशांच्या पुढे किंवा ३० च्या आत जात असेल तर आधीच थांबवणारा अडसर लावा. चौकटीवर वेल्ड केलेला जाड पट्टीचा तुकडा पुरतो. अडसर दोन्ही बाजूंना हवा आणि तो पिटमनला थांबवणारा हवा. टायर पाइपवर आपटून थांबणं म्हणजे अडसर नव्हे.

वळणात टायर करकरतात : अ‍ॅकरमन

वळणात आतलं चाक लहान वर्तुळावर चालतं, बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं जास्त वळलं पाहिजे. उसाच्या चारचाकी ट्रॉलीला ही अडचण नाही, तिथे अख्खा पुढचा आसच वळतो. दोन चाकं वेगवेगळ्या किंगपिनवर वळवायची म्हटली की हा प्रश्न येतो. घोडागाड्यांसाठी त्यावरचा तोडगा म्युनिकच्या लँकेनस्पर्गरने काढला, लंडनमध्ये त्याचं पेटंट १८१८ साली रुडॉल्फ अ‍ॅकरमनने घेतलं, आणि नाव पेटंट घेणाऱ्याचं राहिलं.

आकड्यात बघा. किंगपिनांमधलं अंतर ६५० मिमी, व्हीलबेस ९५० मिमी. आतलं चाक ३० अंश वळलं तर बाहेरचं साधारण साडेबावीस अंशच वळायला हवं. दोन्ही ३० अंश वळले तर एक टायर फरपटतो, पुढची पकड जाते आणि कार्ट सरळ घसटते.

तपासायला खडू आणि ओळंबा पुरे. चाकं सरळ ठेवा. दोन्ही किंगपिनांच्या मध्यावरून आणि दोन्ही बाहेरच्या रॉड एंडच्या बोल्टवरून ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा करा. प्रत्येक बाजूची किंगपिन आणि रॉड एंड दोरीने जोडून दोरी मागे ताणा. दोन्ही दोऱ्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याच्या आसपास एकत्र आल्या पाहिजेत. थोड्या पुढे-मागे मिळाल्या तरी चालतं. समांतर गेल्या तर अ‍ॅकरमन नाहीच. मागे जाताना फाकत गेल्या तर उलटा आहे, म्हणजे बाहेरचं चाक जास्त वळतंय. हात किंगपिनच्या पुढे काढले पण मागच्यासारखेच आतल्या बाजूला झुकवून वेल्ड केले, की असं होतं. पुढचे हात बाहेरच्या बाजूला फाकलेले हवेत. हा दोष पाना घेऊन जात नाही, हात कापून नव्या कोनात लावावे लागतात, आणि ते काम कुणी करायचं ते खाली.

कॅस्टर आणि कॅम्बर : मुलांच्या कार्टचं खरं मर्म

किंगपिनचं वरचं टोक चालकाकडे झुकलेलं हवं. तो झुकाव म्हणजे कॅस्टर. स्टिअरिंग स्वतः मध्यावर येतं ते त्यामुळे. पण कार्टमध्ये त्याचं आणखी एक काम आहे, आणि तेच जास्त महत्त्वाचं. मागे डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं सारखीच फिरतात, मग कार्ट वळणार कशी? वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे, निदान हलकं झालं पाहिजे. स्टिअरिंग फिरवलं की कॅस्टरमुळे आतलं पुढचं चाक चौकटीच्या मानाने खाली जातं, बाहेरचं वर येतं, वजन तिरकं सरकतं आणि आतलं मागचं चाक सुटतं. घरगुती कार्टमध्ये किंगपिन ओळंब्यात सरळ उभी वेल्ड केलेली असते. ती कार्ट स्टिअरिंग परत देत नाही आणि वळतही नाही. मग दोष टायरला दिला जातो.

गोणी सीटवर ठेवून स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवा आणि आतल्या मागच्या टायरखाली कागद सरकवून बघा. कागद सहज आतबाहेर झाला तर कॅस्टर आपलं काम करतोय. टायरने कागद गच्च धरला तर करत नाही.

मोजायचं असेल तर पुढच्या चाकांखाली सनमायकाचे दोन-दोन तुकडे मध्ये ग्रीस लावून ठेवा, म्हणजे चाक जमिनीला न अडता वळेल. चाक २० अंश बाहेर वळवून रिमवर मोबाइलच्या लेव्हलने कॅम्बर (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते) मोजा, मग २० अंश आत वळवून. दोन मापांतला फरक गुणिले दीड, तो झाला कॅस्टर. फरक ८ अंश आला तर कॅस्टर १२ अंश. लहान मुलांच्या कार्टला १० ते १२ अंश ठीक पडतात. जास्त दिला तर वळते छान, पण स्टिअरिंग जड होतं. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मी आकड्यापेक्षा हाताला जड लागणार नाही याला जास्त किंमत देईन. डावी-उजवीतला फरक मात्र एक अंशाच्या आत हवा, कारण कार्ट कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

कॅम्बरला गुण्या पुरतो. जमीन सपाट आहे ना ते लेव्हलने आधी बघून गुण्या रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकवा. ५ इंची रिमवर एक अंश म्हणजे साधारण २.२ मिमीची फट. शून्याच्या आसपास, दोन्हीकडे सारखा.

रेसिंगच्या कार्टमध्ये सी-ब्रॅकेटच्या वर-खाली भोक मध्यापासून सरकलेले गोल बुश असतात, त्यांना पिल म्हणतात. त्यावरच्या ठिपक्याची दिशा डाव्या-उजवीकडे आरशासारखी जुळली पाहिजे. धक्का बसल्यावर किंवा कुणी घाईत जोडल्यावर एक पिल फिरलेली असते, आणि मग आठवडे टो बदलत राहतो. पाच मिनिटांची तपासणी आहे.

आता टो

क्रम लक्षात ठेवा : हवा, ढिलेपणा, पिटमन मध्यावर, कॅम्बर, कॅस्टर, आणि मगच टो. कॅम्बर किंवा कॅस्टर हलवला की टो बदलतोच, म्हणून आधी टो सेट करणं म्हणजे ते काम दोनदा करणं.

व्हील सरळ धरून पुन्हा सायकल ट्यूबने बांधा. दोन्ही पुढच्या टायरवर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. कार्ट ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवा, त्याच खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. खूण तीच असल्यामुळे रिम वाकडी असली तरी माप फसत नाही. पुढचं माप कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट.

अंगणात, सोसायटीत किंवा फार्महाउसवर चालणाऱ्या कार्टला शून्य ते ३ मिमी टो-इन ठेवा, सरळ चालते. ट्रॅकवर शून्य ते २ मिमी टो-आउट, वळणात पटकन शिरते. ५ मिमीच्या पुढे कुठल्याही बाजूला गेलं की टायर खरवडायला लागतो.

किती फिरवायचं? ८ मिमीच्या आट्यांचं अंतर १.२५ मिमी. स्टबचा हात १०० मिमी आणि टायर १० इंची असेल तर एका टोकाचा रॉड एंड एक पूर्ण फेरा फिरवल्यावर टो साधारण ३ मिमी बदलतो. उलट-सुलट आट्यांचा रॉड असेल तर दोन्ही टोकं एकदम सरकतात, तोच फेरा ६ मिमीच्या वर जातो. म्हणून पाव-पाव फेरा. हात किंगपिनच्या मागे असतील तर रॉड लांब केल्याने टो-इन वाढतो, पुढे असतील तर टो-आउट. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. चेकनट आवळताना रॉड एंड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तो तिरका होऊन अडतो आणि टो पुन्हा हलतो.

इथे थांबा

सगळं घट्ट, पिल जुळलेल्या, तरी एका बाजूचा कॅम्बर एक अंशापेक्षा जास्त वेगळा येतोय? स्टब अ‍ॅक्सल वाकलाय. चाकाचं बेअरिंग स्टबच्या मुळाशी अडून निघत असेल तर तीही तीच खूण. स्टब बदला. गॅसने लाल करून घणाने सरळ करून देणारे भेटतील, त्यांना देऊ नका. तापवल्यावर त्या पोलादाची ताकद जाते, आणि तो पुढच्या वेळी मुळाशी तुटू शकतो. चाक निघून जातं.

सी-ब्रॅकेटच्या वेल्डला तडा आहे का ते बघायला जागा कापडाने स्वच्छ करा, डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी पुसा आणि खडूची भुकटी चोळा. तडा असेल तर आतलं डिझेल झिरपून भुकटीत काळी रेघ उमटते. रेघ दिसली की कार्ट उभी करा. वरून वेल्डचा आणखी एक थर मारणं हा इलाज नाही. ब्रॅकेट काढून, कोन पकडणाऱ्या जिगमध्ये धरून लावणारा वेल्डर हवा. अ‍ॅकरमन किंवा कॅस्टर बदलायला हात आणि ब्रॅकेट कापायची वेळ आली तरी हेच. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा अंश चुकला तरी पूर्ण खटाटोप वाया.

डाव्या किंगपिनपासून उजव्या मागच्या बेअरिंगपर्यंत आणि उलट, असे दोन कर्ण मोजा. ३ मिमीपर्यंत फरक टेपचाही असू शकतो, ५ च्या पुढे चौकट वाकलेली समजा. पुढच्या पाइपच्या मध्याखाली पहार घालून हळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटायला हवीत. एक आधी सुटलं तर चौकट पिळलीय, आणि ते काम चौकट तपासायची सपाट फरशी असलेल्या कार्ट वर्कशॉपचं आहे, घरच्या अंगणातलं नाही.

सगळं जमल्यावर चेकनट आणि रॉडवरून, किंगपिनच्या नटावरून आणि पिल्सवरून लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. वीस मिनिटं चालवून झाल्यावर टो पुन्हा मोजा. टो बदललाय आणि रेघ तुटलीय, तर तो नट सैल झाला. टो बदललाय आणि सगळ्या रेघा अखंड आहेत, तर पाना खाली ठेवा आणि स्टब काढायला घ्या.